इंदूरच्या हवेत कॅमेलियनचा पिंजरा : काच, जाळी आणि काढ-घाल करता येणाऱ्या बाजू

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. मुलगा सोळा वर्षांचा. ओळखीतले एक गृहस्थ शहर सोडून चाललेत आणि त्यांचा पाच महिन्यांचा व्हेल्ड कॅमेलियन (रंग बदलणाऱ्या, डोक्यावर तुरा असलेल्या सरड्याची एक जात), नर, ते तुमच्या मुलाला देताहेत. दुकानदार म्हणतो, अडीच फूट लांबीची काचेची टाकी घ्या, खाली नारळाचा भुसा पसरा, वर लाल बल्ब लावा, कोपऱ्यात पाण्याची वाटी ठेवा, झालं काम. घर सुदामा नगरात, तिसऱ्या मजल्यावर, हॉलला पश्चिमेची बाल्कनी. काच घ्यावी की जाळी, केवढी, आणि ठेवायची कुठे?

ताई, ती टाकी घेऊ नका. पैसे देऊन झाले असतील तर परत मागा.

हे इतक्या ठामपणे सांगतोय कारण माझा पहिला कॅमेलियन अशाच टाकीत गेला. तेव्हा आम्ही रामबागेत जुन्या घरात राहत होतो. ऑगस्ट महिना, सतत झड. टाकीचं झाकण अर्धं काचेचं, अर्धं जाळीचं. सकाळी काचेवर आतून वाफ धरलेली असायची आणि मला वाटायचं, वा, अगदी जंगलासारखं झालंय. तिसऱ्या आठवड्यात तो मान वर करून बसायला लागला. तोंड किंचित उघडं, आणि कान जवळ नेला की प्रत्येक श्वासाला बारीक ‘टिक’ असा आवाज. दोन दिवसांनी ओठांच्या कडेला फेसाचे बुडबुडे दिसले. फुफ्फुसात जंतुसंसर्ग झाला होता. औषध सुरू केलं, पण फार उशीर झाला होता. टाकी विकणाऱ्याने मला हवेबद्दल एक शब्द सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. त्यानंतर एकाही कॅमेलियनला मी बंद काचेत ठेवलेलं नाही.

आता कारणं सांगतो, कारण ती कळली की पिंजरा कसा हवा हे आपोआप कळतं.

हा प्राणी येमेनच्या आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातल्या डोंगराळ भागातला. तिथे दिवसा ऊन असतं, रात्री गारवा उतरतो, पहाटे दव पडतं आणि वारा दिवसभर हलता असतो. म्हणजे दिवसा कोरडं आणि उबदार, रात्री ओलसर आणि गार. काचेच्या टाकीत नेमकं उलटं होतं : दिवसा बल्बची ऊब आणि पाण्याची वाफ एकत्र कोंडतात. ऊब आणि ओल एकाच वेळी, आणि हवा थांबलेली, हे तिन्ही जुळलं की फुफ्फुसाचा आजार ठरलेला. शब-ए-मालव्याची आपण जी कौतुकं करतो, तो रात्रीचा गारवा या जनावराला मनापासून मानवतो. तो त्याच्यापर्यंत पोचू द्यायचा, एवढंच आपलं काम.

दुसरं कारण पायांचं. त्याच्या पायाची बोटं दोन आणि तीन अशी जुळलेली असतात, चिमट्यासारखी. हा पाय फांदी धरण्यासाठी घडलेला आहे. सपाट जमिनीवर तो अवघडून चालतो आणि गुळगुळीत काचेवर तर त्याला काही धरताच येत नाही, नुसता खरवडत राहतो. वर काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं तर तो दुसरा नर समजून फुगतो, रंग गडद करतो. दिवसभर समोर शत्रू उभा असेल तर कोण नीट जेवेल? हे एकटं राहणारं जनावर आहे. एका पिंजऱ्यात एकच, आणि पुढे दुसरा आणलात तर दोघे एकमेकांना दिसणार नाहीत असे ठेवायचे.

तिसरं कारण उंचीचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असं आपण म्हणतो, पण या सरड्याची धाव आडवी नसतेच, ती वर असते. घाबरला की वर जातो, झोपायला वर जातो, उन्हाला वर जातो. लांबट टाकीत त्याला जायला जागाच उरत नाही.

तर माप. पूर्ण वाढलेला नर शेपटीसकट दीड ते दोन फूट होतो. त्याला कमीत कमी २ फूट रुंद, २ फूट खोल आणि ४ फूट उंच पिंजरा लागतो. पाच महिन्यांच्या पिल्लाला आधी छोटा आणि मग मोठा घेऊ, या विचारात पडू नका. या वयात थेट मोठ्यातच ठेवा. आतमध्ये झाडी दाट असली आणि खाणं ठरलेल्या जागी मिळालं की तो हरवत नाही. आणि हा ४ फुटांचा पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही. खाली अडीच फुटांचं मजबूत स्टँड करा, म्हणजे वरची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर जाईल. तुम्ही वरून वाकून बघता तेव्हा त्याला घारीची सावली आठवते. तो वरून तुमच्याकडे बघत असला की महिन्याभरात हातातून खायला लागतो.

तयार जाळीचे पिंजरे मिळतात, पण ते एका हवेसाठी केलेले असतात. आपल्याकडे तीन हवा आहेत. मे महिन्यात चाळिशीच्या वर पारा आणि दुपारची हवा पापडासारखी कोरडी. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास, कधी त्याच्याही खाली. नुसती जाळी उन्हाळ्यात सगळी ओल उडवते आणि थंडीत सगळी ऊब घालवते, तर नुसती काच पावसाळ्यात जीव घेते. म्हणून इतक्या वर्षांनी माझं मत एकच झालंय : इंदुरात कॅमेलियनला जाळीचा पिंजरा हवा, पण त्याच्या बाजू ऋतूप्रमाणे लावता-काढता आल्या पाहिजेत.

तो कसा बनवायचा ते सांगतो. खिडक्यांच्या स्लायडिंगचं काम करणारा ॲल्युमिनियमवाला गाठा. सुताराकडे जाऊ नका. लाकूड आणि प्लाय रोजच्या फवाऱ्याने फुगतात आणि बुरशी धरतात. ॲल्युमिनियमच्या चौकटीला पीव्हीसीचा थर असलेली वेल्डेड जाळी लावायची, अर्ध्या इंचाच्या चौकटींची. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानांत विचारा, रोलमधून कापून देतात. मच्छरदाणीची नायलॉन किंवा फायबरची जाळी अजिबात नको : नखं अडकून उपटली जातात, आणि खायला दिलेले नाकतोडे आणि क्रिकेट म्हणजे रातकिडे ती कुरतडून बाहेर येतात. साधी जस्त चढवलेली जाळीही टाळा, नव्या जाळीवरून जस्ताचे कण सुटतात. जाळी कापल्यावर तारांची टोकं बाहेरच्या बाजूला राहतील असं कारागिराला बजावून सांगा, आणि पिंजरा ताब्यात घेण्याआधी आतून चारी कडांवरून स्वतःचा तळवा फिरवा. तुम्हाला टोचलं तर त्याला टोचणारच.

आता मुख्य गोष्ट. मागच्या आणि डाव्या-उजव्या बाजूंना जाळीच्या बाहेरून यू-चॅनल, म्हणजे खोबणीच्या पट्ट्या, ठोकून घ्या. त्यात ५ मिलिमीटरची पीव्हीसी फोम शीट वरून सरकवता आली पाहिजे, जशी शोकेसची काच सरकते. प्रत्येक बाजूचे दोन तुकडे करा, वरचा आणि खालचा वेगळा. छत मात्र नेहमी जाळीचंच, ते कधी झाकायचं नाही. पुढे दोन दारं, वर मोठं आणि खाली एक फुटाचं छोटं, सफाईसाठी. खालचं दार उघडून तुम्ही तळ पुसाल तेव्हा वर बसलेल्याला कळणारही नाही.

मी बाजू कशा वापरतो ते सांगतो. पावसाळ्यात तिन्ही शीट काढून माळ्यावर. सगळीकडून वारा, आणि फवारा फक्त पहाटे एकदा. दुपारपर्यंत पानं सुकली नाहीत तर पाणी जास्त झालं असं समजायचं. दिवाळी झाली की मागची आणि एका बाजूची शीट चढते. थंडीच्या कडाक्यात तिन्ही, आणि रात्री पुढच्या वरच्या अर्ध्या भागावर एक जाड चादर. खोली रात्री १४-१५ अंशांपर्यंत उतरली तरी निरोगी मोठा नर ते सोसतो, फक्त सकाळी बल्बखाली बसून अंग तापवायला मिळालं पाहिजे. रूम हीटर पिंजऱ्याजवळ ठेवू नका. उन्हाळ्यात पुन्हा मागची आणि दोन्ही बाजूंची शीट, पण दुपारसाठी बाजूंचे वरचे तुकडे काढून. यामुळे खाली झाडीत ओल टिकते आणि वरची गरम हवा निघून जाते.

उन्हाळ्याबद्दल आणखी थोडं, कारण तुमचा हॉल पश्चिमेचा आहे. बाल्कनीत पिंजरा ठेवायचाच नाही. एप्रिलपासून दुपारी तिथे भट्टी असते, आणि जाळीच्या पिंजऱ्यालाही सावली नसेल तर तासाभरात अनर्थ होतो. हॉलची जी भिंत बाहेरच्या उन्हाला लागून नाही, तिथे पिंजरा लावा. देशी कूलर चालवत असाल तर छान, पण त्याचा झोत सरळ पिंजऱ्यावर नको. खोली गार होऊ द्या, वारा दुसरीकडे जाऊ द्या. कूलरच्या जाळ्या आणि टाकी स्वच्छ ठेवा, शेवाळलेल्या पाण्याचा वास असलेली हवा त्याच्या छातीत जायला नको. खोलीच ३३-३४ अंशांच्या वर गेली की अंग तापवायचा बल्ब बंद करायचा, ऊब पुरेशी झालेली असते. तो फिकट पडून तोंड उघडं ठेवून बसला तर त्याला गरम होतंय. पावसाळ्यातल्या त्या आजाराच्या ‘टिक’पेक्षा हे वेगळं असतं. गरम होतं तेव्हा तो खाली, सावलीकडे सरकतो. आजारात मान वर ताणून एका जागी बसून राहतो.

रंगाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. तो भिंतीसारखा व्हावा म्हणून रंग बदलत नाही. २०१५ मध्ये जिनिव्हातल्या संशोधकांनी पँथर कॅमेलियन या दुसऱ्या जातीच्या कातडीत दाखवून दिलं की पेशींमधल्या सूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर बदललं की परतणारा रंग बदलतो. आपल्या कामाचं एवढंच की रंग म्हणजे त्याची तब्येत आणि मनःस्थिती. सकाळी गडद असेल तर तो ऊन शोषतोय. दिवसभर गडद, डोळे मिटलेले, तर काहीतरी बिघडलंय. दिवसा डोळे मिटून बसणं हे कधीच साधं लक्षण नसतं.

दिव्यांचं थोडक्यात. लाल बल्ब नको. रात्री पूर्ण अंधार हवा. दिवसा बारा तास टायमरवर दोन दिवे : एक साधा पांढरा ऊब देणारा बल्ब, ज्याच्या खालच्या फांदीवर २९ ते ३२ अंश तापमान येईल, आणि एक लांब टी-फाइव्ह (बारीक व्यासाची) यूव्हीबी ट्यूब, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारी, सहा टक्क्यांची. सर्वात वरची फांदी ट्यूबपासून ७ ते ९ इंचांवर. ही ट्यूब नसली की हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा होतो, पाय वाकडे होतात, आणि वाकलेलं पुन्हा सरळ होत नाही. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात यूव्हीबी नसतं, त्यामुळे खिडकीशी ठेवलाय म्हणजे ऊन मिळतंय असा समज करून घेऊ नका. ट्यूब वर्षाने बदला, उजेड दिसत असला तरी. दोन्ही दिवे छताच्या जाळीच्या बाहेर, आणि बल्ब जाळीपासून चार इंच उंच. हे कॅमेलियन छताला उलटे लटकतात आणि डोक्यावरचा तुरा किंवा पाठ भाजून घेतात. चटका बसतोय हे त्यांना वेळेवर कळत नाही.

पाण्यावर मात्र मी मुद्दाम थांबतो, कारण पिंजरा निवडताना याचा विचार कोणी करत नाही आणि नंतर घरच्यांची भांडणं यावरूनच होतात. कॅमेलियन वाटीतलं पाणी पीत नाही. त्याला थांबलेलं पाणी दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. पानावर लोंबणारा थेंब त्याला दिसतो. माझ्याकडे पिंजऱ्याच्या छतावर एक लिटरची बाटली उलटी टांगलेली आहे आणि तिला सलाईनची नळी जोडलेली, तीच औषधाच्या दुकानात मिळते ती. चाक फिरवून दर दोन-तीन सेकंदांना एक थेंब असा वेग लावतो. थेंब मनीप्लांटच्या पानावर पडतो, पानाच्या शिरेवरून टोकाला घरंगळतो आणि तिथे थरथरत लोंबतो. तो आधी एकच डोळा फिरवतो. मग दुसरा डोळा. मग अंग मागे-पुढे हलवत, वाऱ्यातल्या पानासारखा, एक-एक पाय टाकत येतो आणि पानाच्या टोकाला तोंड लावून घटाघट नाही, चघळल्यासारखं पितो. कधी वीस मिनिटं. सकाळची घाई असलेल्या घरात तेवढा वेळ थेंब चालू ठेवायला टायमर नाही लागत, बाटली संपेपर्यंत चालू द्यायची.

म्हणजे रोज एक लिटर पाणी पिंजऱ्याच्या तळाशी येणार. म्हणून तळ जाळीचा किंवा भोकं पाडलेल्या पीव्हीसी शीटचा, त्याच्या खाली मधोमध उतार असलेला ट्रे, ट्रेला नळी आणि नळी बादलीत. ही सोय पहिल्याच दिवशी करून घ्या. तळाला भुसा, वाळू, माती काहीच नको. जीभ लांब सुटते आणि किड्याबरोबर भुसाही पोटात जातो, शिवाय ओल्या भुशात बुरशी धरते. उघडा तळ रोज ओल्या फडक्याने पुसून होतो. पाणी नर्मदेच्या नळाचं असेल तर गाळून चालतं. नर्मदेकाठच्या जलूदवरून येणारं हे पाणी बोअरपेक्षा खूपच बरं. बोअरचं पाणी जड असतं, पानांवर पांढरे डाग पडतात आणि फवाऱ्याची तोंडं बुजतात. तिथे आरओचं वापरा. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच असला तर पाणी पुरतंय, नारिंगी झाला तर कमी पडतंय.

झाडी. मनीप्लांट, अंब्रेला प्लांट, बारीक पानांचा फायकस आणि जास्वंद, ही चार पुरे. व्हेल्ड कॅमेलियन पानंही खातो, म्हणून कण्हेर, रुई, डिफेनबॅकिया ही विषारी झाडं घरात असली तरी पिंजऱ्यात नकोत. नर्सरीतून आणलेलं झाड महिनाभर बाहेर ठेवा, पानं दोनदा धुवा, शक्यतो माती बदला. जास्वंदावर तर हमखास औषध मारलेलं असतं. कुंडीतल्या मातीवर लिंबाएवढे गोटे रचा, म्हणजे माती तोंडात जाणार नाही. गणपतीसाठी घरची जास्वंद लावली असेल तर त्यातलं एक फूल याला द्या. लाल फूल दिसलं की आमचा बुढ्ढा कॅमेलियन दहा सेकंदांत वरून खाली येतो, पाकळ्या खातो, देठ टाकून देतो. फांद्या पेरूच्या वापरा : साल चिवट, जाडी हवी तशी मिळते. करंगळीपासून अंगठ्यापर्यंतच्या जाडीच्या, काही आडव्या, काही तिरक्या, एकमेकींना जोडलेल्या. बांबू दिसायला छान पण पाय सरकतो. खाण्यासाठी एक गुळगुळीत खोल डबा फांदीला बांधा, जाळी अर्ध्या इंचाची असल्याने किडे मोकळे सोडले तर ते घरभर होतील.

थंडीत सकाळी आठ-नऊच्या कोवळ्या उन्हात बाल्कनीत अर्धा तास नेऊ शकता, वेगळ्या छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग झाडाच्या सावलीत, आणि कोणीतरी शेजारी बसून. कावळा, घार, मांजर, तिघांनाही तो खाऊच वाटतो.

तुमचा नर आहे म्हणून मादीचं एकच वाक्य : मादी नराशिवायही अंडी धरते, आणि तिच्या पिंजऱ्यात फूटभर खोल ओलसर वाळू-मातीचा डबा नसेल तर अंडी अडकून ती मरते. तेव्हा कोणी ‘जोडी करून घ्या’ म्हटलं तर थांबा.

कागदाचं काम मात्र पिंजऱ्याच्याही आधी. हा प्राणी साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद लागते आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे ती केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. देणाऱ्या गृहस्थांकडे त्यांच्या नावाची नोंद आहे का ते विचारा आणि हस्तांतराचीही नोंद करून घ्या. कागद नसेल तर घेऊ नका, मुलगा कितीही हिरमुसला तरी. आणि कोणी शेतातून पकडलेला आपला देशी सरडगुहिरा (भारतातला कॅमेलियन) दाखवला, तर तो १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे. तो जिथून आणला तिथे झाडावर परत गेला पाहिजे. डॉक्टर आधीच शोधून ठेवा. कुत्र्या-मांजरांचे सगळे याला हात लावत नाहीत. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा.

पिंजरा तयार झाला की लगेच त्याला आत सोडू नका. चार दिवस दिवे, पाणी, नळी सगळं चालवून बघा. वरच्या फांदीवर, मधे आणि खाली तीन वेळा तापमान लिहून काढा. मग तो येऊ द्या. पहिल्या आठवड्यात त्याला हात लावायचा नाही, मुलाला हे समजावून सांगा, अवघड जाईल त्याला. पण एक काम त्याला द्या : रोज दिवे बंद झाल्यावर अर्ध्या तासाने हॉलच्या मंद उजेडात जाऊन तो कुठे झोपलाय ते वहीत लिहायचं. वरच्या बारीक फांदीच्या टोकाला, शेपटीची गुंडाळी करून, फिकट हिरवा होऊन झोपला असेल तर पिंजरा त्याला पटलाय. जाळीला नखं रोवून झोपला असेल तर फांद्या कमी आहेत किंवा चुकीच्या जागी आहेत. तळाशी झोपला असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळवा.